अर्धविरामाचे मानकरी

माणसाची परीक्षा घ्यायची आपल्या लोकांना भारी हौस! पूर्वी मुलगी पाहायला गेले की सुईत दोरा ओवायला सांगत. आता प्रोग्रामर निवडायला बसले की विचारतात, "सी भाषेत विधानाच्या शेवटी काय येतं?" पोरगं "अर्धविराम" म्हणतं आणि पास होतं. वास्तविक तो अर्धविराम राहिला तर संगणक स्वतःच बोंब ठोकतो. म्हणजे ज्या चुकीवर यंत्राचा पहारा आहे, तिथंच परीक्षकही काठी आपटत उभे!

आमच्या राळेगावकडं कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मूठभर कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो, ओलावा बघतो. बैलांच्या शिंगांना गोंडे किती, यावर भाव ठरत नाही. प्रोग्रामरचा भाव मात्र गोंडे मोजूनच ठरतो. कुठला डिप्लोमा, किती भाषा, किती सर्टिफिकिटं!

इथल्याच एका जिनिंगमधल्या मुनीमजींना मी विचारलं होतं, तीन आकडी नंबरांच्या शेकडो पावत्या तुम्ही इतक्या झटपट ओळीनं लावता कशा? "सोपं हाय जी. आधी शेवटचा आकडा पाहून दहा गठ्ठे करायचे, शून्यापासून ओळीनं गोळा करायचे. मंग मधल्या आकड्यावर तसंच. मंग पहिल्या. झालं!" तीन फेऱ्या, काम फत्ते. संगणकशास्त्रात याला 'रॅडिक्स सॉर्ट' म्हणतात. पंचकार्डं लावणारी जुनी यंत्रं याच रीतीनं चालत. मुनीमजींनी अर्धविराम जन्मात वापरला नव्हता.

आता भाषा शिकूच नये, असं माझं म्हणणं नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर देशभरची पोरं सी शिकली, ते काही उगाच नाही. व्याकरण हवंच. पण शुद्धलेखन उत्तम आहे म्हणून कोणी कादंबरीकार होत नाही. १९९९ साली नासाचं यान मंगळाजवळ नष्ट झालं. एका प्रोग्रामचा हिशेब पौंडात आणि दुसरा धरून बसला न्यूटन! अर्धविराम सगळे जागच्या जागी असणार. यान तेवढं जागेवर नव्हतं.

पदवीचंही तेच. अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांनी १९६५ साली नागपुरातून पदवी घेतली ती अभियांत्रिकीची, संगणकशास्त्राची नव्हे. १९९१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम' महासंगणक तयार झाला. "संगणकाचं सर्टिफिकीट कुठाय?" म्हणून कुणी त्यांना दारातूनच परत धाडलं असतं, तर?

हा सगळा विनोद वाटेल, पण फी भरणाऱ्या बापाला विचारा. दोन क्विंटल कापूस विकून तो पोराला क्लासला घालतो आणि पोरगं घोकून येतं अर्धविराम. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल तो प्रोग्राम अर्धविरामांसकट लिहून देते. काय मागायचं आणि आलेलं बरोबर आहे की नाही, एवढंच माणसाला कळायला हवं. क्लासात नेमकं तेवढंच शिकवत नाहीत!

म्हणून परीक्षकांना माझी एक नम्र सूचना आहे. उमेदवारापुढं पावत्यांचा एक गठ्ठा ठेवा, कागद-पेन्सिल द्या आणि अर्धा तास गप्प बसा. तो लगेच लिहायला लागला तर चहा पाजून निरोप द्या. "एकाच नंबरच्या दोन पावत्या निघाल्या तर काय करायचं?" असं त्यानं उलट तुम्हालाच विचारलं, तर सर्टिफिकीट न पाहता ठेवून घ्या. अर्धविराम काय, आठवड्यात शिकेल.