ड्रोनवरील अल्पखर्चिक लेसर स्कॅनिंग : अचूकतेच्या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना :
भूपृष्ठाचे उंचीदर्शक नकाशे तयार करण्यासाठी ड्रोनवर बसविलेल्या लेसर स्कॅनरचा, म्हणजेच लायडारचा, वापर वाढत आहे. २०१९ मध्ये लिव्हॉक्सचा मिड-४० हा संवेदक ५९९ डॉलरला उपलब्ध झाला, तर २०२० मध्ये डीजेआयचा झेनम्यूज एल१ आला. विमानाद्वारेच शक्य असलेले सर्वेक्षण त्यामुळे लहान संस्थांच्या आवाक्यात आले, हे मान्य करावे लागेल. परंतु उपकरण स्वस्त झाले म्हणजे विश्वासार्ह नकाशाही स्वस्त झाला, या गृहीतकाची तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

मीमांसा :
स्कॅनर मुळात केवळ अंतर मोजतो. त्यावरून भूमीवरील बिंदू निश्चित करण्यासाठी ड्रोनचे स्थान व कल प्रत्येक क्षणी ज्ञात असावे लागतात. १०० मीटर उंचीवरून कलमापनात ०.१ अंशाची चूक झाल्यास बिंदू सुमारे १७ सेंटिमीटरने सरकतो. सपाट माळावर ही चूक फारशी जाणवत नाही. ४५ अंशांच्या उतारावर मात्र ती जवळजवळ तेवढीच उंचीतही उतरू शकते.

दुसरा प्रश्न वनस्पतींचा आहे. एल१ च्या किरणाचे अपसरण एका दिशेत ०.२८ अंश असल्याने ५० मीटरवरून त्याचा ठसा सुमारे २४ सेंटिमीटर लांब पडतो. एका स्पंदाची तीनच परावर्तने नोंदली जातात. दाट झाडीत जमिनीवरचे बिंदू विरळ राहतात आणि झुडपांचे माथेच भूपृष्ठ म्हणून गणले जाण्याचा धोका संभवतो.

माळीण (२०१४) व इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडींनंतर सह्याद्रीतील उतारांच्या मापनाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तेथे दोन काळांतील नकाशांची तुलना करावी लागते. प्रत्येक नकाशात १० सेंटिमीटरची स्वतंत्र प्रमाण-त्रुटी असल्यास फरकातील त्रुटी सुमारे १४ सेंटिमीटर होते. त्याहून लहान हालचाल अशा नकाशांवरून खात्रीने सांगता येत नाही.

निष्कर्ष :
उघड्या भूभागासाठी हे तंत्र निश्चितच उपयुक्त आहे. तथापि, उत्पादकाने दिलेली अचूकता ही प्रत्यक्ष सर्वेक्षणाची अचूकता नव्हे. स्वतंत्रपणे मोजलेले तपासणी-बिंदू, त्यांपैकी काही झाडीखालील, आणि भूबिंदूंची घनता यांची नोंद प्रत्येक अहवालात असावी. या कामाचे मनुष्यबळ व वेळ हिशेबात धरल्याशिवाय 'अल्पखर्चिक' हे विशेषण वापरणे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे ठरते. कारण चुकीच्या नकाशाची किंमत अखेर डोंगरपायथ्याशी राहणाऱ्यांनाच मोजावी लागते.