पूर्वज सर्वांचे, शोध कोणाचा?

कुलवृत्तांत हा मराठीतील जुना आणि घरोघरी जपला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. त्याची समीक्षा सहसा होत नाही. घरचे कार्य म्हणून त्याचे कौतुकच होते. काटोल येथे अलीकडे आमच्या हाती आलेल्या एका ख्रिस्ती घराण्याच्या वृत्तांताविषयी मात्र कौतुकावर थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पुस्तिकेचे व संपादकांचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण दोष एका व्यक्तीपुरता नाही. ती आता रूढ होऊ पाहणारी प्रथा आहे.

पुस्तिका देखणी आहे. वंशवृक्ष सुबक, भाषा ओघवती. परंतु तिचा निम्म्याहून अधिक मजकूर त्याच घराण्यातील एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचललेला आहे. चर्चच्या लॅटिन नोंदवह्या, गावच्या कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि दफनभूमीतील झिजलेली अक्षरे ताडून पाहत त्यांनी अनेक वर्षे हा इतिहास जुळवला. पुस्तिकेत त्यांचे नाव एकदाही येत नाही.

उचलेगिरी उघड झाली ती एका चुकीमुळे. फिकट शाईतील १८८३ हे विवाहवर्ष शिक्षकांनी प्रथम १८८८ असे वाचले होते. पुढे त्यांनी ते आपल्या संकेतस्थळावर दुरुस्त केले. पुस्तिकेत मात्र १८८८ च राहिले. लगेच खालच्या ओळीत थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा १८८५ मध्ये झाल्याचे छापले आहे! एका दिवंगत मातेच्या चारित्र्यावर असा छापील संशय आला, आणि ती उत्तर द्यायला हयात नाही. ज्याने मूळ नोंदवही उघडली असती, त्याला ही विसंगती खटकल्यावाचून राहिली नसती. शिवाय शिक्षकांनी जेथे ‘कदाचित’ लिहिले होते, तेथील तो शब्द नकलेत गळून पडला आहे.

यावर उत्तर मिळते की, पूर्वज आमचेही आहेत. त्यांच्या जन्मतारखांवर कोणाची मालकी? हे उत्तर अर्धे खरे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण लेखनाला आहे, त्यातील तथ्यांना नाही. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की, संकलनासाठी केवळ श्रम व पैसा खर्च झाला एवढ्याने हक्क निर्माण होत नाही. त्यात कौशल्य, विवेक आणि किमान सर्जकता दिसली पाहिजे. म्हणजे सुट्या तारखा सर्वांच्या. पण त्या तारखांचा लावलेला अर्थ, केलेली मांडणी आणि लिहिलेली वाक्ये लेखकाची. त्यासाठी नोंदणीची अट नाही. संकेतस्थळावर फुकट वाचता आले म्हणून लेखन बेवारस ठरत नाही. लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षे हा हक्क टिकतो, आणि आपल्या कृतीवर स्वतःचे कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ ने वेगळा राखून ठेवला आहे.

तथापि, कायदा जेथे संपतो तेथे संशोधकाचे ऋण संपत नाही. वसईकडील वाचकांना परिचित असलेली ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. निरनिराळ्या काळांतील लेखकांची प्रकरणे त्या एका बखरीत एकत्र आली होती. प्रस्तावनेत राजवाड्यांनी ती वेगळी करून कोणते लेखन कोणाचे व कधीचे याचा विचार केला. त्या लेखकांपैकी कोणीही हक्क मागायला येणार नव्हता. तरीही, सांगणारा कोण हे कळल्यावाचून सांगितलेल्याची पारख होत नाही, हे राजवाडे जाणत होते. ते १९२६ मध्ये निवर्तले. आज त्यांची प्रस्तावना कोणीही छापू शकतो. त्यांचे नाव गाळण्याची मुभा मात्र त्यामुळे कोणालाच मिळालेली नाही.

ज्या नोंदवह्यांवर हा सारा वृत्तांत उभा आहे, त्यांची रीत संपादकांनी ध्यानात घ्यावी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाबरोबर आईवडिलांचे, धर्ममातापित्यांचे आणि बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूंचेही नाव असते. जो साक्षी आहे, त्याचे नाव लिहिले जाते. दुसऱ्या आवृत्तीत १८८८ चे १८८३ करावे, शिक्षकांची रीतसर अनुमती घ्यावी आणि पहिल्याच पृष्ठावर त्यांचे नाव छापावे, एवढीच आमची विनंती आहे. आपल्या मृतांचा सन्मान करू पाहणाऱ्या पुस्तकाने जिवंतांचे श्रम नाकारू नयेत.