भाकिताचा पाट आणि कोरणारा हात

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाच्या इफा परंपरेत लाकडी पाटाच्या काठावर एक मुख कोरलेले असते. ते एशूचे, म्हणजे देव व मानव यांच्यात निरोप नेणाऱ्या देवतेचे होय. बाबालावो हा पुरोहित सोळा ताडबिया हाताळून पाटावरील भुकटीत खुणा उमटवितो. त्यांच्या २५६ आकृत्या होतात आणि प्रत्येकीशी पद्ये निगडित असतात. या पद्यांवाचून पाटाची केवळ नक्षी वाखाणणारी समीक्षा अर्धवट होय.

तथापि भाकित ते भाकितच. ब्रह्मजालसुत्तात भगवान बुद्धांनी अंगलक्षणे, स्वप्नफल, शकुन यांवरील उपजीविका हीन ठरविली आहे. खोपोली-कर्जतच्या डोंगरपट्ट्यात सुपातले तांदूळ पाहणाऱ्या भगतालाही तोच निकष लागू आहे. पण एवढ्यावरून पाट कोरणाऱ्यालाही अंधश्रद्ध म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. आधीच संग्रहालयांतील कितीतरी पाटांखाली पुरोहिताची देवता नोंदलेली असते, कारागीर मात्र अनामिक. बहुधा त्याचे नाव कोणी विचारलेच नाही!

या संदर्भात कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेणे आठवते. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागालगत एक भग्न यक्षमस्तक आहे. यक्ष हाही लोकश्रद्धेतलाच. परंतु त्याच्याजवळील ब्राह्मी लेखात नवस नाही, भविष्य नाही. कान्हाचा शिष्य बालक याने हे केले, इतकेच तेथे कोरले आहे. आणि त्यातही गुरूचे नाव आधी.