छाती दडपणारं क्रियापद

धीर सुटण्याबद्दल इंग्रजीत क्रियापदं पुष्कळ आहेत, पण 'डॉन्ट'ची गोडी मला दुसऱ्या कशात सापडली नाही. उच्चारताना मात्र जपावं लागतं. तोंड जरा कमी उघडलं की त्याचा 'डोन्ट' होतो. शब्दकोशात अर्थ सापडतो भिववणं, नाउमेद करणं. तेवढ्यावर थांबलं तर शब्द हाती लागत नाही.

त्याचं मूळ लॅटिन 'डोमितारे'त आहे, म्हणजे माणसाळवणं, वश करणं. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हाही अर्थ नमवणं हाच होता. मन खचवण्याचा अर्थ मागाहून आला. आणि हे लॅटिन मूळ म्हणजे आपल्या 'दम्' धातूचं भावंड! संस्कृतात 'दम्य' म्हणजे जुवाला लावायचा गोऱ्हा. हे कळल्यापासून 'डॉन्ट' वाचलं की मला मानेवर पहिल्यांदाच जू पडलेला गोऱ्हा दिसतो. अंगातली ताकद कुठेही गेलेली नसते, मान तेवढी खाली गेलेली असते.

खारवलेले हेरिंग मासे पिंपात दाबून बसवण्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद आहे. इथे मराठी अगदी शेजारी येऊन बसते: दडपणं, दडपण, छाती दडपणं. म्हणून 'डॉन्टिंग टास्क'चं 'अवघड काम' केलेलं मला पटत नाही. अवघडपणा कामात असतो. दडपण छातीवर येतं.

मला सर्वांत भावते ती त्याची वाक्यातली वागणूक. 'त्यानं कच खाल्ली' म्हटलं की दोष खाणाऱ्याचा. 'डॉन्ट'चा कर्ता मात्र समोरचा डोंगर, परीक्षा, उरलेलं काम. माणूस नुसतं कर्म. खचलेल्याला हा शब्द बोल लावत नाही.

आणि तो खुलतो नकारात. 'नथिंग डॉन्टेड'मधलं 'नथिंग' म्हणजे 'जराही नाही'. अर्थ, तसूभरही न डगमगता. इंग्रज कवी थॉमस ग्रेच्या १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या 'एलेजी' या कवितेत 'डॉन्टलेस' हे विशेषण कुणा सेनापतीच्या वाट्याला येत नाही. आपल्या शेतावरच्या लहानशा जुलूमशहापुढे उभ्या राहिलेल्या, नाव मागे न उरलेल्या खेडुताला ते मिळतं, आणि तेही नेमकं त्याच्या छातीला. मराठीत तिथे 'अदम्य' लिहिलं, तर धातूसुद्धा तोच राहतो.