गुण, गुणवत्ता आणि हातगुण

वैशेषिक दर्शनात ‘संख्या’ हाही एक गुण मानला आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. आज आपण उलट बाजूने जाऊ. गुणालाच संख्या मानलं, तर काय होतं? गोष्ट मात्र ग्रंथातली नाही, ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातली आहे.

मराठीत ‘गुण’ हा शब्द मोठा गमतीचा. परीक्षेत गुण मिळतात, औषधाने गुण येतो, आणि एखाद्या डॉक्टरला हातगुण असतो. ब्रिटनने 2004 च्या एप्रिलमध्ये यातला पहिला अर्थ धरला आणि दवाखान्यांना चक्क परीक्षेला बसवलं. योजनेचं नाव क्वालिटी अँड आउटकम्स फ्रेमवर्क. 146 निकष, एकूण 1050 गुण, आणि गुणांप्रमाणे पैसे. मधुमेही रुग्णांची यादी ठेवली, रक्तदाब नोंदवला, तो मर्यादेत आणला, की गुण. पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरासरी 90 टक्क्यांहून जास्त गुण मिळवले! सरकारचा अंदाज बराच कमी होता. तिजोरीला चाट बसली ती वेगळीच.

या योजनेला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. जुनाट आजारांच्या नोंदी सुधारल्या, गरीब आणि सुखवस्तू वस्त्यांतल्या दवाखान्यांमधलं अंतर कमी झालं. हे थोडं नाही. पण 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. दमा, मधुमेह आणि हृदयविकार, असे तीन आजार त्यात पाहिले होते. सुरुवातीच्या सुधारणेचा वेग पुढे मंदावला. दमा आणि हृदयविकारात ज्या गोष्टींना गुण नव्हते, त्या घसरल्या. आणि रुग्णाला आपलाच नेहमीचा डॉक्टर भेटणं कमी झालं.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. नेहमीचा डॉक्टर आजी दारातून आत येतानाच ओळखतो, की आज काहीतरी बिनसलंय. त्याला कुठला रकाना?

त्याच काळात आणखी एक लक्ष्य होतं: रुग्णाला 48 तासांत डॉक्टर भेटला पाहिजे. 2005 च्या निवडणुकीत टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात एका बाईंनी पंतप्रधान ब्लेअर यांना सांगितलं, की पुढच्या आठवड्याची वेळ मागितली तर दवाखाना देतच नाही. 48 तासांच्या आतलीच घ्या म्हणतो. ब्लेअर चकित झाले. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. लक्ष्य पुरं होत होतं ना!

मग काय, हातगुणच खरा? थांबा. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरॉल्ड शिपमन नावाचा फॅमिली डॉक्टर होता. घरी येऊन तपासणारा, अगदी देवमाणूस वाटावा असा. 2000 मध्ये पंधरा रुग्ण स्त्रियांच्या खुनाबद्दल तो दोषी ठरला; पुढे न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत 215 बळींची नोंद झाली. विश्वास होता, ओळख होती, वर्षानुवर्षांचं नातं होतं. मोजणी नव्हती.

आणि संशय कुणाला आला? समोरच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंना. दहनाच्या कागदांवर तेव्हा दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, आणि शिपमनच्या रुग्णांचे असे कागद त्यांच्या दवाखान्यात फारच येत होते. त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या मृत्यूंशी तुलना केली आणि मार्च 1998 मध्ये तक्रार केली.

आता फरक बघा. हाइडमध्ये आकड्याने प्रश्न उभा केला: हे इतके का? गुणांच्या योजनेत आकडा हेच उत्तर झालं. तो भरला की पैसे मिळाले, विचारायचं काही उरलंच नाही. म्हणून आमचा आक्षेप मोजण्याला नाही, मोजून झाल्यावर गप्प बसण्याला आहे. स्कॉटलंडने 2016 मध्ये ही गुणपद्धती बंद केली आणि शेजारच्या दवाखान्यांचे गट करून एकमेकांच्या कामाकडे बघायची व्यवस्था आणली. हे आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं, पण एका अटीवर: शेजाऱ्याने विचारलेला प्रश्न कुणीतरी मनावर घेतला पाहिजे. हाइडमध्ये पोलिसांनी तपास केला, पुरावा नाही म्हणून तो थांबवला. त्यानंतर शिपमनने आणखी तीन स्त्रियांना मारलं. त्याला अटक व्हायला सप्टेंबर उजाडला.