‘ग्रंथरूप’ या संज्ञेचा प्रश्न : ई-पुस्तके आणि लेखकाचा हक्क

ई-पुस्तकांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तिचा रोख बहुधा वाचनाच्या सवयींकडे असतो. कागदाचा स्पर्श मोलाचा की पडद्यावरील सोय, या वादात एक मूलगामी प्रश्न मागे पडतो : लेखक प्रकाशकास ‘ग्रंथ’ देतो, म्हणजे नेमके काय देतो? हा प्रश्न वरकरणी कायद्याचा दिसला तरी मुळात शब्दार्थाचा आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तो केवळ वकिलांवर सोपविणे योग्य नव्हे.

या प्रश्नाची एक महत्त्वाची कसोटी अमेरिकेत लागली. विल्यम स्टायरन, कुर्त व्हॉनेगट व रॉबर्ट पार्कर या कादंबरीकारांनी ई-पुस्तकांचा व्यापार सुरू होण्यापूर्वी केलेल्या करारांत आपल्या कृती ‘ग्रंथरूपाने’ छापून विकण्याचा हक्क प्रकाशकास दिला होता. पुढे त्यांच्या आठ कृती रोझेटाबुक्स या संस्थेने लेखकांच्या संमतीने ई-पुस्तकरूपात काढल्या. त्यांस मनाई करावी, ही रँडम हाउसची मागणी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २००१ साली फेटाळली, आणि २००२ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. यातील मौज अशी, की न्यायालयाने ‘ग्रंथ’ शब्दाच्या अर्थासाठी आधारास घेतलेला कोश रँडम हाउसच्याच नावाचा होता; बांधलेली कागदी पृष्ठे हे त्यातील लक्षण प्रकाशकाच्याच विरुद्ध गेले.

तथापि या निर्णयाची व्याप्ती वाढवून सांगणे इष्ट नाही. तो प्राथमिक मनाईहुकमापुरता होता व त्या विशिष्ट करारांच्या शब्दरचनेवर आधारलेला होता. ‘ई-पुस्तक हा ग्रंथच नव्हे’ असा सिद्धान्त त्यातून निघत नाही. जे स्पष्टपणे दिले नाही ते लेखकाजवळच राहते, एवढेच निघते.

हेच तत्त्व भारतीय कायद्याने २०१२ साली अधिक स्पष्टपणे स्वीकारले. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ मध्ये घातलेल्या परंतुकानुसार, हक्क देतेवेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्यास ते हस्तांतर लागू होत नाही; मात्र करारात त्या माध्यमाचा विशेष निर्देश असल्यास गोष्ट वेगळी. या तरतुदीने लेखकास ढाल मिळाली खरी. पण ई-पुस्तक आता नवे माध्यम राहिलेले नाही. आज नवा करार करणाऱ्या लेखकापुढे त्याचे नाव घालूनच मसुदा ठेवता येतो, आणि सही करावयाची की नाही हे ठरविण्याची ताकद नवोदितापाशी क्वचितच असते.

मराठी ग्रंथव्यवहारास याहून निकटचा प्रश्न ‘आवृत्ती’ या संज्ञेचा आहे. आपल्याकडे अनेक व्यवहार आवृत्तीच्या मापाने होत आले : इतक्या प्रतींची आवृत्ती, तिचे इतके मानधन, ती संपली की नवी बोलणी. आवृत्ती संपणे ही लेखकाच्या दृष्टीने पुनर्विचाराची संधी होती. ई-पुस्तकाच्या प्रती मोजून छापलेल्या नसतात. ते संपतच नाही. परिणामी, कराराची मुदत जर आवृत्तीवरच अवलंबून ठेवली असेल, तर लेखकाचा हक्क कधी परत यावयाचा, याचे उत्तरच हरवते. म्हणून मुदत वर्षांत मोजणे आणि विक्रीचा हिशेब लेखकास पाहता येणे, या दोन अटी अत्यावश्यक ठरतात. करारात मुदत नसल्यास ती पाच वर्षांची मानावी, असे कायद्याचे कलम १९ सांगते. पण ही तरतूद किती लेखकांना ठाऊक असेल?

वाचकाची बाजूही विसरता येत नाही. २००९ साली अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या. त्या प्रती विकणाऱ्यास अमेरिकेतील हक्क नव्हते, हे कारण खरे होते, आणि पैसेही परत मिळाले. तरीही कपाटातील पुस्तक काढून नेण्यासाठी दुकानदार घरात शिरत नाही, हा जुना भरवसा तेथे मोडला. या प्रसंगी नियंत्रण लेखकाकडे नव्हते, वाचकाकडेही नव्हते. ते मधल्या विक्रेत्याच्या हाती होते.

तात्पर्य, नव्या तंत्राचा धिक्कार जसा निरर्थक, तसा त्याचा जयजयकारही. ‘ग्रंथ’, ‘आवृत्ती’, ‘विक्री’ हे जुने शब्द नव्या व्यवहारात तसेच वापरले जात आहेत आणि त्यांच्या आड हक्कांची वाटणी बदलत आहे. त्या शब्दांचे अर्थ नव्याने निश्चित करणे हे लेखकाच्या हिताचे काम आहे, तसेच ते भाषेच्या अभ्यासकाचेही कर्तव्य आहे.