अनुज्ञप्ती, परवाना आणि मोलगीचा जीपवाला

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने आरटीओच्या पाट्यांवर आणि संकेतस्थळांवर काय बोलायचे, असे काहींच्या मनात आले असेल. आम्हाला मात्र वाटते की कादंबरीची समीक्षा होते तशी सरकारी मजकुराचीही व्हावी. कादंबरी न वाचता माणसाचे भागते. परिवहन विभागाचा मजकूर कळला नाही तर पोट ज्याच्यावर आहे ती गाडी अडते. समीक्षा करायची तर वाचक कोण, हे आधी ठरवावे लागते. आम्ही आज मोलगीचा वाचक घेतला आहे.

मोलगी अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यात. अक्कलकुव्याकडून गेलात तर देवगोईचा घाट चढावा लागतो. बाजाराला पाड्यापाड्यांतून माणसे येतात. घरात देहवाली, नोयरी, पावरी अशी बोली, आणि बाहेर लागेल तशी मराठी, हिंदी, गुजराती. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. अक्कलकुव्याला एसटीचे आगार आहे, पण एसटी सगळीकडे आणि सगळ्या वेळी पोचत नाही. मग जीप भरते आणि निघते. त्या जीपच्या चाकावर बसलेला तरुण, तो आमचा वाचक.

आता हा तरुण म्हणतो, ‘मला परवाना काढायचा आहे.’ त्याला म्हणायचे आहे लायसन. पण विभागाच्या मराठीत लायसनला म्हणतात अनुज्ञप्ती, आणि परवाना म्हणजे परमिट, गाडी भाड्याने चालवण्याचे. म्हणजे त्याला येत असलेला एकमेव मराठी शब्द त्याला चुकीच्या रांगेत उभा करतो! परिभाषा नको असे आम्ही म्हणत नाही. कायद्याला नेमका शब्द लागतो, आणि १९६० नंतर राज्यकारभार मराठीत आणण्यासाठी ज्यांनी कोश घडवले त्यांच्या श्रमांबद्दल आम्हाला आदर आहे. पण नेमका शब्द कायद्याच्या पुस्तकात ठेवावा आणि पाटीवर शेजारी ‘म्हणजे लायसन’ एवढे लिहावे. त्याला काय खर्च येतो?

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. ‘अर्ज सादर करण्यात यावा.’ ‘त्रुटी आढळल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ कोणी सादर करावा, कोण कार्यवाही करणार, किती दिवसांत? या वाक्यांना कर्ताच नाही. आणि ज्या वाक्याला कर्ता नाही त्याला उलटून विचारता येत नाही. मोलगीच्या स्टॅंडवर गावांची नावे पुकारणाऱ्याला आपण विचारू शकतो, ‘अरे, थेट जाते का? किती घेणार?’ तो समोर असतो. अर्थात पुकारा हवेत विरतो, त्याचा पुरावा राहत नाही. भाडे किती ते लिहिलेले असेल तर भांडता येते. म्हणून लिखित मजकूर हवाच. प्रश्न आहे तो उत्तर देणारा असावा याचा.

बारकाईने पाहिले तर हा मजकूर एका वाचकाला उत्तम समजतो. तो वाचक म्हणजे एजंट. अनुज्ञप्ती, नोंदणी, परवाना, कर, योग्यता प्रमाणपत्र ही मांडणी कचेरीतल्या टेबलांची आहे, आणि टेबले एजंटला पाठ आहेत. एजंटला शिव्या सगळेच घालतात. आम्ही त्याला या मजकुराचा अनुवादक समजतो. जोपर्यंत मूळ ग्रंथ असा आहे, तोपर्यंत अनुवादकाचे पोट चालणार.

विभागाने केलेल्या चांगल्या गोष्टीही मांडायला हव्यात. २०२१ पासून शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या देता येते. घाट उतरून नंदुरबार गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. ती वाचू शकते, ही लहान गोष्ट नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने व्यावसायिक वाहनचालकांवरची आठवी पासची अट काढली, तेही योग्यच. पण मग त्याचा पुढचा अर्थ पाहा. न शिकलेला माणूस प्रवासी गाडी चालवू शकतो हे राज्यसंस्थेने मान्य केले. आणि त्याला सांगायचे सगळे मात्र लिहूनच सांगायचे?

ओनोरा ओनील या तत्त्वज्ञ बाईंनी २००२ मध्ये बीबीसीवर विश्वासाविषयी व्याख्याने दिली. माहिती उघडी ठेवली म्हणजे संवाद झाला असे नाही, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार आपण काढू शकतो. आमच्या मते आपला माहिती अधिकार कायदा, २००५ चा, याबाबतीत कमी शहाणा नाही. त्याच्या कलम ४ मध्ये म्हटले आहे की माहिती पसरवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल ती पद्धत विचारात घ्यावी. साधनांमध्ये सूचना फलक, वर्तमानपत्र, इंटरनेट आणि जाहीर पुकाराही आहे. म्हणजे दवंडी आणि संकेतस्थळ कायद्याने एका पंक्तीला बसवली आहेत. आपण एकीला पाट दिला, दुसरीला उठवून लावले.

याने काय बिघडते, ते एका तरतुदीवरून पाहू. अनोळखी गाडीने ठोकर मारली, माणूस गेला आणि गाडी सापडली नाही, तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. गंभीर जखमीला ५० हजार. ही रक्कम १ एप्रिल २०२२ पासूनची, आधी ती २५ हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज जातो महसूल खात्याच्या उपविभागातल्या किंवा तालुक्यातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे. देशभर हा लाभ इतक्या थोड्यांपर्यंत पोचत होता की जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला: महिन्याभरात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. पुन्हा लेखीच, पण निदान कोणी द्यायची ते त्यात आहे. कर्ता आहे!

परिवहन विभाग म्हणेल, हे काम महसूलचे आणि पोलिसांचे. बरोबर. पण ज्या घरातला माणूस रस्त्यावर गेला त्या घराला इतकेच ठाऊक असते की गाडीने मेला. ते घर गाडीच्या खात्याकडे बघणार. तिथल्या पाटीवर, आणि आठवड्याच्या बाजारात देहवालीत, नोयरीत, पावरीत ध्वनिक्षेपकावरून, एवढे सांगता येईल: गाडी ठोकून पळाली, नंबर कळला नाही, तरी पैसे मिळतात, पोलिसांत नोंद करा, तिचा कागद मागून घ्या, तहसील कचेरीत जाऊन अर्ज कुठे द्यायचा ते विचारा, आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.